आपल्या गावच्या स्टेशनची वही कशी करावी

गावच्या स्टेशनचा इतिहास आणि आजच्या सोयी उतरवून ठेवायला दोनशे पानी वही घ्या आणि तिचं पहिलं पान कोरं सोडा. त्या पानावर स्टेशन सुरू झाल्याचं साल लिहायचं असतं, आणि ते साल सगळ्यात शेवटी हाती लागतं. मी ते पहिल्याच दिवशी ठळक अक्षरात लिहिलं होतं, '१८९७'. आठ महिन्यांनी ते पान फाडावं लागलं.

मी ढालगावची. सांगली जिल्हा, कवठेमहांकाळ तालुका, मिरज-पंढरपूर लाइन. माझे वडील, आबा, या लाइनवर सांधेवाले, म्हणजे गाडीसाठी रुळांचा सांधा बदलणारे, होते, त्यामुळे माझं लहानपण रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेलं. पुढं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर आमच्या स्टेशनची वही केली. ती बघून आजूबाजूच्या गावचे लोक विचारतात, "बाई, आम्हालाही करायचीय, सुरुवात कुठून करू?" त्यांच्यासाठी हे लिहितेय. उदाहरणं माझ्या लाइनची आहेत, रीत कुठल्याही गावाला चालेल.

साल कुणाचं, लाइनीचं की स्टेशनचं?

१८९७चं काय झालं ते आधी सांगते, कारण ही चूक आमच्या अख्ख्या लाइनवर मुरलेली आहे. आमची गाडी म्हणजे बार्शी लाइट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ही अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीची लाइन आखली. मोठी लाइन बार्शीला बगल देऊन कुर्डुवाडीवरून गेली होती. त्या स्टेशनला तेव्हा बार्शी रोड म्हणत. बार्शी रोड ते बार्शी हा तुकडा १८९७ साली सुरू झाला. भाषणात, लेखात 'बार्शी लाइट १८९७' एवढंच येतं, मग लाइनवरचं प्रत्येक गाव आपलं स्टेशन १८९७चं धरून चालतं. पण गाडी काही एका दमात आली नाही. पंढरपूरला ती १९०६ साली पोचली, लातूरला १९११ साली, आणि पंढरपूरकडून सांगोला, ढालगाव, कवठेमहांकाळ करत मिरजेला टेकायला १९२७ उजाडलं. बार्शीची पोरं गाडीची शिट्टी ऐकत लहानाची मोठी झाली, बाप झाली, तेव्हा कुठं आमच्याकडं रूळ पडले.

म्हणून तीन सालं वेगवेगळी लिहायची: लाइन पहिल्यांदा कधी सुरू झाली, तुमच्या गावावरून जाणारा तुकडा कधी सुरू झाला आणि तुमच्या गावात गाडी थांबायला कधी लागली. काही गावांत आधी नुसती गाडी जायची, थांबा नंतर मिळाला, त्यानंतर तिकीटघर. आमच्यासारख्या छोट्या लाइनच्या गावांनी चौथं सालही लिहावं, लाइन रुंद झाली ते. कुर्डुवाडी-पंढरपूर आधी रुंद झाली आणि पंढरपूर-मिरज हा शेवटचा तुकडा २०११पर्यंत. आता रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर आहे. लाइन रुंद होताना पुष्कळ ठिकाणी फलाट, इमारत, फाटक सगळं हललं. तुमचं आजचं स्टेशन जुन्याच जागी आहे असं गृहीत धरू नका, विचारा.

आधी माणसं

कागद कपाटात राहतात. म्हातारी माणसं राहत नाहीत. माझ्या यादीत रूळ दुरुस्तीच्या गँगमधले एक तात्या होते. उन्हाळा संपला की त्यांच्याकडं जाईन असं ठरवलं होतं. ते मे महिन्यातच गेले. ऐंशीच्या पुढच्यांकडं या आठवड्यात जा.

कुणाकडं जायचं? स्टेशन मास्तर बदलीचे असतात, ते परगावी निघून गेलेले असतात. गावात राहिलेले म्हणजे सांधेवाले, गँगमन, मुकादम, फाटकवाले, हमाल, आणि त्यांच्या घरच्या बायका. बायकांना वगळू नका. किती वाजता डबा द्यायचा यावरून माझ्या आईला सगळ्या गाड्यांच्या वेळा पाठ होत्या, आणि गाडी उशिरा आली की चूल किती वेळ धरून ठेवायची हेही. आबांना विचारलं तर ते वेळापत्रकातली वेळ सांगायचे. आई खरी वेळ सांगायची.

'कुठल्या साली?' असं विचारू नका. माणूस बिचकतो आणि काहीतरी ठोकून देतो. त्याऐवजी आमच्या भागात सगळ्यांना आठवतात अशा खुंट्या वापरा. कोयनेचा भूकंप झाला तो ११ डिसेंबर १९६७ला. पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ला. बहात्तरचा दुष्काळ तर कुणी विसरलेलंच नाही. 'मिलो (दुष्काळात मिळालेली परदेशी लाल ज्वारी) खायला लागलो त्याच्या आधी का नंतर?' असं विचारलं की उत्तर लगेच येतं. घरातलं लग्न, थोरल्याचा जन्म, विहीर खणली ते साल, याही खुंट्याच. आमचं पाण्याचं टाकं कधी बांधलं हे मला एका आजींनी सांगितलं. ती गवंड्यांना भाकरी देत होती तेव्हा तिचा मधला मुलगा पाळण्यात होता. त्या मुलाचा शाळेचा दाखला काढला, साल मिळालं.

एक गोष्ट तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. छोटी लाइन असलेल्या प्रत्येक गावात मिळते. गाडी इतकी हळू चालायची की माणसं खाली उतरायची, रानातली कणसं मोडायची आणि पुन्हा चढायची. लिहून घ्या, पण तिथं थांबू नका. कुठल्या चढावर? मिरजेकडं जाताना का पंढरपूरकडं? कुणाच्या रानाशेजारी? तीन वेगवेगळ्या माणसांनी एकाच चढाचं नाव घेतलं, तर तिथं इंजिनाला खरंच दम लागत होता असं समजा. तो चढ नकाशावर मांडा. सगळीकडं सांगितली जाणारी गोष्ट मग तुमच्या गावची होते.

दोघांचं पटलं नाही तर एकाला खोटं ठरवायची घाई करू नका. एप्रिल २०१६मध्ये लातूरला पाणी नेणाऱ्या गाड्या मिरजेहून आमच्याच लाइननं गेल्या. त्या गाडीला किती वाघिणी, म्हणजे पाण्याच्या टाकीचे डबे, होत्या? कुणी म्हणालं दहा, कुणी म्हणालं पन्नास. मी दहाला खरं धरून पुढं गेले होते. नंतर कळलं की दोन्ही खरं. पहिली गाडी १० वाघिणींची होती. एका वाघिणीत ५० हजार लिटर, म्हणजे ५ लाख लिटर पाणी. ती १२ एप्रिलला लातूरला पोचली. पुढं ५० वाघिणींच्या गाड्या धावल्या, २५ लाख लिटरच्या. दोघं वेगवेगळ्या दिवशी रुळाकडेला उभे होते, एवढंच. आमचाही पट्टा दुष्काळी. कृष्णेचं पाणी दारावरून दुसऱ्या दुष्काळी मुलखाला चाललेलं बघताना आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी हात जोडले होते. तेही मी वहीत लिहिलंय, वाघिणींच्या आकड्याच्या खाली.

मग स्टेशन वाचा

फलाटावर जाण्याआधी प्लॅटफॉर्म तिकीट काढा, १० रुपये, दोन तास चालतं. मास्तरांना भेटा, काय करताय ते सांगा, फोटो काढू का विचारा. रुळात उतरू नका. रेल्वे कायद्याच्या १४७व्या कलमाखाली १ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि दंडाचं सोडा, विजेची गाडी आवाज न करता येते. पोरांना बरोबर घेऊन गेलात तर ही गोष्ट दोनदा सांगा.

पहिली वाचायची ती पिवळी पाटी. नावाच्या खाली समुद्रसपाटीपासूनची उंची असते. ती उतरवून घ्या, मग शेजारच्या दोन स्टेशनांचीही घ्या. तीन आकडे शेजारी मांडले की लाइन कुठं चढते, कुठं उतरते ते दिसतं, आणि मघाच्या कणसांच्या गोष्टीतला चढ खरा का खोटा हेही कळायला लागतं. नावाकडंही नीट बघा. नावामागं 'रोड' असेल तर गाव स्टेशनपासून लांब आहे असं समजा. आमच्या शेजारचं जत रोड तसंच. जत तिथून बरंच आत आहे. जत हे डफळ्यांचं संस्थान होतं, आणि तिकडच्या माणसाला हे सगळ्यात जवळचं स्टेशन.

विजेच्या खांबावर छोटी पाटी असते, वर एक आकडा, खाली एक. वरचा किलोमीटरचा, खालचा त्या किलोमीटरमधला खांब कितवा त्याचा. जुनी मोरी, पडकं फाटक, तोडलेली बाभळ, काहीही नोंदवायचं असेल तर लांबून वाचून हा आकडा लिहा. 'पुलाच्या पलीकडं' असं लिहिलं तर वीस वर्षांनी कुणाला कळणार?

छोट्या लाइनचा सगळ्यात चांगला पुरावा मात्र स्टेशनात नसतो, गावात असतो. रूळ निघाले तेव्हा त्यांचे तुकडे कुठं गोठ्याच्या आढ्याला, कुठं कुंपणाला, कुठं देवळाच्या घंटेसाठी लागले. रुळाच्या कडेला, मधल्या पातळ भागावर, उठावाची अक्षरं असतात: कारखान्याचं नाव, साल, कधी रेल्वेची आद्याक्षरं. गंज तारेच्या ब्रशनं हलक्या हातानं काढा, खडू आडवा धरून घासा, अक्षरं उठतात. आमच्या गल्लीतल्या एका गोठ्यात मला असा तुकडा मिळाला. साल अर्धंच वाचता येतं, शेवटचा आकडा झिजलाय. तसंच लिहिलं, अर्धं. अंदाजानं पुरं केलं नाही.

तो तुकडा हातात घेतला की किती हलका वाटतो! त्याचं कारण कॅलथ्रॉपच्या हिशेबात आहे. त्यानं डबे आणि इंजिन असे आखले की एका आसावर ५ टनांहून जास्त भार येऊ नये, आणि सगळ्या आसांवर सारखा यावा. त्यामुळे वाराला, म्हणजे तीन फुटांना, ३० पौंड वजनाचे हलके रूळ पुरले, भराव कमी लागला, खर्च आटोक्यात राहिला. गाडी छोटी होती म्हणून तिला कुणी खेळणं म्हटलं की मला राग येतो. मोठी लाइन परवडली नसती अशा मुलखात त्या माणसानं रेल्वे आणली. हाच कॅलथ्रॉप पुढं विमानातून उडी मारायच्या छत्र्या बनवण्यात गढून गेला.

जुनं तिकीट घरात असेल तर

पुठ्ठ्याचं तिकीट पोथीत, देवाच्या डब्यात, आजोबांच्या कोटाच्या खिशात सापडतं. त्यावर तारखेचा ठसा पुसट असला तरी साल साधारण काढता येतं. भाडं आण्यांत असेल तर तिकीट १ एप्रिल १९५७च्या आधीचं, कारण त्या दिवसापासून दशमान नाणी आली. 'नवे पैसे' असेल तर त्यानंतरचं, १९६४च्या आसपासपर्यंतचं. 'तिसरा वर्ग' असेल तर १९७४च्या आधीचं; त्या साली तिसरा वर्ग बंद झाला. आणि आमच्या लाइनवर बार्शी लाइट कंपनीचं नाव असेल तर १९५४च्या आधीचं. १ जानेवारी १९५४ला सरकारनं लाइन कंपनीकडून घेतली. आबा कंपनीत लागले आणि सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, पण खुर्ची आणि हुद्दा बदलला नाही. शेवटपर्यंत रेल्वेला ते 'कंपनी'च म्हणायचे. "कंपनीचा कंदील आहे, खाली ठेव," असं मी किती वेळा ऐकलंय. तुमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी असा शब्द असेल तर तो जसाच्या तसा लिहा.

तिकीट प्लास्टिकच्या चिकटपट्टीनं वहीत चिकटवू नका, पाच वर्षांत पिवळं पडून फाटतं. कागदाचं पाकीट करून त्यात ठेवा. दोन्ही बाजूंचा फोटो काढा.

कागद

सगळ्यांत आधी तलाठ्याकडं जा. रेल्वेनं जमीन घेतली की तिची फेरफार नोंद होते, आणि नोंदीला तारीख असते. ज्या गटातून लाइन जाते तो गट नंबर गाव नकाशावर बघा, मग मागं मागं फेरफार काढत जा. संस्थानी मुलखातले जुने कागद मोडीत निघाले तर घाबरू नका. मोडी वाचणारी माणसं अजून आहेत, कोल्हापूर-पुण्याकडं शिकवणारीही आहेत. मला एका पानाला तीन आठवडे लागले, पण त्या पानावर माझ्या आजोळच्या बांधाचा उल्लेख निघाला.

गॅझेटियर बघताना छपाईचं साल आधी बघा. सोलापूर जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर १८८४चं आहे. त्यात बार्शी लाइट शोधून मी एक दुपार घालवली. ती तेव्हा नव्हतीच! सांगली जिल्ह्याचं १९६९चं आहे, त्यात दळणवळणाचं प्रकरण बघा.

रेल्वेकडून माहिती हवी असेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावा किंवा केंद्र सरकारच्या पोर्टलवरून ऑनलाइन भरा. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. अर्ज आपल्या विभागाच्या माहिती अधिकाऱ्याच्या नावे. आमचा विभाग सोलापूर. 'आमच्या स्टेशनचा इतिहास द्या' असं लिहू नका, त्याला उत्तर देता येत नाही. 'स्टेशन प्रवाशांसाठी उघडल्याची तारीख ज्या नोंदीत आहे तिची प्रत', 'मागच्या पाच वर्षांतली तिकीटविक्री, वर्षवार', 'स्टेशनची सध्याची श्रेणी' असं एकेक कागद मागा. 'का' हा शब्द अर्जात नको.

आजच्या सोयी आजच लिहा

हे सगळ्यात सोपं, आणि हेच लोक सोडून देतात. जुनं खणायच्या नादात आजचं राहून जातं. मला आबांच्या काळच्या गाड्यांच्या वेळा शोधायला वर्ष लागलं, कारण तेव्हा कुणाला वाटलं नाही की त्या लिहून ठेवाव्यात.

एक पूर्ण दिवस काढा. बाजाराचा दिवस नको, साधा दिवस घ्या. आषाढीच्या आधीचा आठवडा तर नकोच, त्याची वेगळी नोंद करा. पहिल्या गाडीच्या आधी बाकावर जाऊन बसा, शेवटची गाडी गेली की उठा. डबा आणि पाणी न्या. प्रत्येक गाडीचा नंबर, वेळापत्रकातली वेळ, आलेली वेळ, चढले किती, उतरले किती. कोण होते तेही लिहा: कॉलेजची मुलं, मिरजेच्या दवाखान्यांत निघालेले पेशंट, वारकरी, माहेरवाशिणी. मिरजेकडची सकाळची गाडी आमच्याकडं दवाखान्याची गाडी आहे. हातात फायली, प्लास्टिकच्या पिशवीत एक्सरे. मी एका दिवशी मोजलं तर उभ्या असलेल्या तेवीस जणांत अकरा दवाखान्याला निघालेले होते. गाडीची वेळ बदलावी किंवा थांबा मिळावा म्हणून विभागीय व्यवस्थापकांकडं अर्ज करायचा झाला, तर 'फार गैरसोय होते' या वाक्यापेक्षा असा तारीखवार तक्ता जोडलेला बरा.

मग सोयी बघा, आणि आहे-नाही एवढंच लिहू नका, चालू आहे का ते लिहा. नळ आहे, पाणी येतं का, किती वाजता? सावली फलाटाच्या किती भागावर? दुपारी दोनला ती कुठं सरकते? बाक किती? रात्री दिवे कुठपर्यंत? चाकाची खुर्ची फलाटावर चढते का? तिकीट खिडकी किती ते किती? स्टेशन ते गाव रस्ता कसा, एसटी गाडीला जुळते का? चौकशी आणि तक्रारीचा १३९ हा नंबर कुठं लिहिलाय का?

मालाचं विसरू नका. फलाटावर पोतीच दिसत नाहीत म्हणून मालगाडीचा आपल्याशी संबंध नाही असं वाटतं. आमच्या लाइनवर सांगोल्याचं डाळिंब आहे. शेतमालासाठी किसान रेल ७ ऑगस्ट २०२०ला देवळालीहून सुरू झाली, आणि शंभरावी किसान रेल निघाली ती सांगोल्याहून, २८ डिसेंबर २०२०ला, थेट पश्चिम बंगालमधल्या शालिमारला. तुमच्या स्टेशनातून पूर्वी काय जायचं, गूळ, शेंगा, जनावरं, ते हमालांना विचारा. त्यांच्या पाठीला आठवतं.

वही कुठं ठेवायची

आवाज रेकॉर्ड करताना सुरुवातीला तारीख, गाव आणि बोलणाऱ्याची परवानगी तोंडानं म्हणून घ्या, म्हणजे फाइल कुठंही गेली तरी ओळख राहते. फोटोच्या मागं पेन्सिलनं नावं लिहा, शाईनं नको, ती पुढं उमटते. ऐकलेलं आणि कागदावर बघितलेलं वेगळ्या शाईत लिहा. मी ऐकलेलं निळ्या, बघितलेलं काळ्या शाईत लिहिलं. सुरुवातीची वही जवळजवळ सगळी निळी होती. आता निम्मी काळी आहे, आणि काही पानं निळीच राहणार, त्याला इलाज नाही.

तीन झेरॉक्स काढा. एक शाळेत द्या, एक ग्रामपंचायतीच्या वाचनालयात, एक स्टेशन मास्तरांकडं. मास्तरांकडच्या प्रतीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा: 'ही वही ढालगाव स्टेशनची आहे. बदली झाल्यास पुढच्या मास्तरांच्या ताब्यात द्यावी.' त्याखाली सहीसाठी रेघा मारून ठेवा. माझ्या वहीत आत्तापर्यंत दोन सह्या झाल्यात.